चारा हिरवागार, तरी गायी उलटतात : दोष गोठ्यात शोधावा की मातीत?

प्रश्न : प्रवराकाठचा गोठेवाला (संगमनेर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबलचक आहे, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरही अर्धवटच मिळेल, म्हणून सविस्तर लिहितो.

आमची साडेचार एकर बागायत असून गोठ्यात ११ संकरित होल्स्टीन गायी आहेत. दोन एकर ऊस, गोठ्याला लागून पाऊण एकर हत्ती गवत, ओढ्यापलीकडे एक एकर मका-कडवळ आणि उरलेल्या तुकड्यात हंगामाप्रमाणे कांदा किंवा गहू, अशी विभागणी आहे. जमीन मध्यम ते भारी काळी आणि चुनखडीची आहे. दूध गायीमागे १२ ते १५ लिटर मिळते व त्याबाबत तक्रार नाही. तक्रार आहे ती गाभण राहण्याची. तीन गायी वेळेवर माजावर येतात, कृत्रिम रेतन होते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा उलटतात, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येतात. आणखी दोन गायींना विऊन चार महिने होऊन गेले तरी माजच दिसलेला नाही. मागच्या वेतात दोन गायींना व्याल्याबरोबर दुग्धज्वर (रक्तातले कॅल्शियम घसरून गाय बसते तो आजार) झाला होता व त्यांची वारही अडकली होती. त्या दोघीही आज उलटणाऱ्या तिघींतच आहेत.

खाण्यात गायीमागे रोज सुमारे ३० किलो हत्ती गवत, दोनेक किलो कडबा आणि चार किलो सरकी पेंड व गव्हाचा भुसा असतो. कारखाना सुरू असताना गवताच्या जोडीला उसाचे वाढे (हिरवे शेंडे) येते. खनिज मिश्रण घरात आहे, पण ते रोज नेमाने दिले जाते असे म्हणता येणार नाही. गोठा धुतलेले पाणी उताराने थेट हत्ती गवतात जाते आणि शिवाय प्रत्येक कापणीनंतर त्याला युरियाची एक गोणी देतो. शेण उकिरड्यावर साठवून बहुतेक सगळे डाळिंबवाल्यांना ट्रॉलीच्या भावाने विकतो, कारण ओढ्यापलीकडे वाहून न्यायला ट्रॅक्टरचे भाडे परवडत नाही.

दुसरीकडे उसाचा एकरी उतारा गेली काही वर्षे घसरतो आहे. म्हणून यंदा दोन तुकड्यांची माती तपासून घेतली. गोठ्यालगतच्या गवताच्या तुकड्यात सामू (पीएच) ८.१, सेंद्रिय कर्ब (कार्बन) ०.९२ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी २१ किलो, पालाश (पोटॅशियम) हेक्टरी १,१२० किलो आणि जस्त ०.९ पीपीएम (दहा लाखांत एक भाग हे माप) निघाले. ओढ्यापलीकडच्या रानात सामू ८.५, कर्ब ०.४१ टक्के, स्फुरद ८ किलो, पालाश ४१० किलो, जस्त ०.३८ पीपीएम व लोह ३.४ पीपीएम आहे.

रेतन करणारे म्हणतात की गर्भाशय ठीक आहे, खनिजे कमी पडत असतील. पशुखाद्यवाले अर्थातच महागडी गोणी सुचवतात. माझा प्रश्न असा की, मातीतली कमतरता खरोखर गायीच्या गाभण राहण्यापर्यंत पोहोचते का? आणि हातात पैसा मोजकाच असेल तर तो आधी रानात घालावा की दावणीत?

---

उत्तर १ : निवृत्त पशुवैद्यक

आपण पाचही गायींची एकच मोट बांधली आहे, ती आधी सोडली पाहिजे. माजावर येऊन उलटणारी गाय आणि माजावरच न येणारी गाय ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे.

माज न दिसणाऱ्या दोघींपासून सुरुवात करतो, कारण त्यांचे उत्तर आपल्याच आकड्यांत आहे. साडेचारशे किलो वजनाच्या दुभत्या गायीला वजनाच्या साधारण तीन टक्के, म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास कोरडे अन्न लागते. आपले ३० किलो हत्ती गवत दिसायला ढीगभर असले तरी त्यात ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी असते. त्यातून मिळते पाच-साडेपाच किलो. कडब्याचे पावणेदोन-दोन आणि पेंड-भुशाचे साडेतीन किलो धरले तरी बेरीज अकरा किलोच्या पुढे जात नाही. तूट रोजची अडीच-तीन किलोंची आहे. गाय ही तूट अंगावरची चरबी मोडून भरून काढते आणि दूध देत राहते, म्हणून दुधाची तक्रार येत नाही. मात्र ज्या गायीचे शरीर असे झिजत असते तिचे बीजांड थंडच राहते. व्याल्यानंतर सहा ते आठ आठवडे थोडीफार झीज प्रत्येक दुभत्या गायीची होते, परंतु ती चार महिने चालू राहिली तर माज येणार कोठून? माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना खड्डे पडले आहेत का आणि शेवटच्या बरगड्या दुरून मोजता येतात का, एवढे आज पाहा. तसे असेल तर या दोघींना माजाची इंजेक्शने देण्यापूर्वी पोटभर मुरघास किंवा मका भरडा द्यावा लागेल. त्यातली एखादी मुक्या, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणाऱ्या माजावर येत असण्याचीही शक्यता आहे. पहाटे आणि रात्री उशिरा, गोठा शांत असताना निरीक्षण करावे. बांधून ठेवलेल्या गायीचा माज निम्म्या वेळा माणसाच्या नजरेतून सुटतो. दोघींची गर्भाशय तपासणीही एकदा करून घ्यावी, कारण कधी कधी न दिसलेल्या माजाला रेतन झालेले असते आणि गाय चक्क गाभण निघते.

आता उलटणाऱ्या तिघी. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी व संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा नियम पाळला जातो का? माजावरच्या गायीचा सोट (योनीतून येणारा चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ असतो की त्यात पांढुरक्या गुठळ्या दिसतात? गुठळ्या दिसल्या तर गर्भाशयाचा दाह गृहीत धरून आधी त्याचे उपचार करावेत, त्या माजाला रेतन करू नये. सलग तीन वेळा रेतन होऊनही जी गाय राहत नाही तिची ब्रुसेल्लोसिससाठी (गर्भपात घडवणारा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. आणि ही रेतने जर चैत्र-वैशाखातली असतील तर अर्धा दोष उन्हाचा समजा. होल्स्टीन रक्ताच्या गायीला २५ अंशांच्या वर उष्णता सोसत नाही व कडक उन्हाळ्यात गर्भ पहिल्याच आठवड्यात जातो.

मात्र आपल्या मजकुरातील एका गोष्टीने माझे लक्ष वेधले. दुग्धज्वर, अडकलेली वार आणि त्यानंतरचे उलटणे ही तीन दुखणी एकाच गायीत पाठोपाठ आली आहेत आणि असे दोन गायींत झाले आहे. हा योगायोग वाटत नाही. रक्तातले कॅल्शियम घसरले की गर्भाशयाच्या स्नायूंचा जोर कमी होतो, वार वेळेत पडत नाही, अडकलेल्या वारेतून संसर्ग होतो आणि पुढचे दोन-तीन माज त्या दाहातच वाया जातात. कॅल्शियम का घसरले, याचे उत्तर आपल्या त्या १,१२० किलो पालाशात असू शकते. मातीच्या जाणकारांनी यावर लिहावे.

---

उत्तर २ : माती-पाणी (मृदा परीक्षणाच्या कामातला)

डॉक्टरसाहेबांनी चेंडू माझ्याकडे टोलवला आहे, म्हणून प्रथम पालाशाविषयीच लिहितो.

जनावराने खाल्लेला बहुतेक सगळा स्फुरद शेणातून बाहेर पडतो आणि बहुतेक सगळा पालाश मूत्रातून. नत्र (नायट्रोजन) दोन्हींत वाटले जाते. आपल्या शेतावर गोठ्याचे पाणी, म्हणजे मूत्र, वर्षानुवर्षे पाऊण एकराच्या एकाच तुकड्यावर जात आहे आणि शेण गाव सोडून जात आहे. म्हणजे पालाश साचतो गोठ्यालगत आणि स्फुरद जातो डाळिंबाच्या बागेत. आपले दोन अहवाल नेमके हेच सांगतात. काळ्या जमिनीत पालाश मुळातच भरपूर असतो. हेक्टरी तीनशे-साडेतीनशे किलोंच्या पुढे तो अत्यधिक गटात जातो आणि आपल्या गवताच्या तुकड्यात तो त्याच्या तिपटीहून अधिक आहे. हत्ती गवत गरजेपेक्षा जास्त पालाश हावरटासारखे शोषून घेते आणि त्याच प्रमाणात कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी उचलते. भरीस भर म्हणून पालाश आणि नत्र भरपूर मिळालेल्या, कोवळ्या कापलेल्या हत्ती गवतात ऑक्झालेट वाढते आणि ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला बांधून ठेवते. उसाच्या वाढ्यातही ऑक्झालेट असतेच. म्हणजे गळीत हंगामात आपल्या गायींना दोन्ही बाजूंनी मार बसतो.

आता मूळ प्रश्न. मातीतली कमतरता गायीपर्यंत पोहोचते, पण ती सरळ रस्त्याने नव्हे. मधे वनस्पती उभी आहे आणि तिच्या गरजा गायीच्या गरजांपेक्षा वेगळ्या आहेत. स्फुरद कमी पडला तर पीक प्रथम वाढ आखडते. म्हणजे गायीला आधी चाराच कमी मिळतो आणि जो मिळतो त्यातही स्फुरद कमी असतो. जस्ताचे गणित आणखी फसवे आहे. पानात २० पीपीएम जस्त असले की बहुतेक पिके समाधानी असतात, रंगावर येतात, उत्पन्नही देतात. दुभत्या गायीच्या एकूण आहारात मात्र ते ४० पीपीएमच्या आसपास असावे लागते. तांब्याचेही तसेच, पिकाचे पाच पीपीएमवर भागते, गायीला दहा लागतात. आयोडीन, सेलेनियम आणि मिठातले सोडियम यांची तर या पिकांना गरजच नसते, पण गायीचे त्यांच्याशिवाय चालत नाही. त्यामुळे चारा हिरवागार दिसतो यावरून त्यात गायीला पुरेशी खनिजे आहेत असा निष्कर्ष काढता येत नाही. चारा हिरवागार आहे याचा अर्थ एवढाच, की चाऱ्याचे स्वतःचे पोट भरले आहे.

ओढ्यापलीकडच्या रानात तर तेवढेही नाही. मातीतल्या उपलब्ध जस्ताची किमान पातळी ०.६ पीपीएम आणि लोहाची ४.५ पीपीएम धरतात. आपण दोन्हींच्या खाली आहात. कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत आहे. सामू ८.५ असलेल्या चुनखडीच्या जमिनीत दिलेला स्फुरद चुन्याशी बांधला जातो व जस्त-लोहही अडकून बसतात. त्यांना सुटे ठेवण्याचे काम सेंद्रिय पदार्थ करतात आणि नेमका तोच आपण विकत आहात.

या शास्त्राची एक जुनी हकीकत सांगण्याजोगी आहे. दक्षिण आफ्रिकेत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अर्नोल्ड थायलर या पशुवैद्यकाने शोधून काढले की, माळरानावरची गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात, त्यातून त्यांना विषबाधा होते आणि हाडे चघळण्याचे मूळ कारण त्या मातीतला व गवतातला स्फुरदाचा अभाव हे आहे. हाडांचा चुरा खाऊ घातल्यावर ती सवय सुटली, गुरे अंगाने भरली आणि गाभण राहण्याचे प्रमाणही सुधारले. आपल्याकडे भिंत चाटणारी, माती किंवा प्लॅस्टिक चघळणारी गाय दिसली की लोक तिला खोडकर ठरवतात. तिच्या दावणीतला स्फुरद आधी तपासावा.

---

उत्तर ३ : दूधवाला (बारामती)

एवढ्या खोलात शिरण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. चांगल्या प्रतीचे खनिज मिश्रण रोज द्यावे, विषय संपला. गायीला जे हवे ते थेट तिच्या तोंडात जात असेल तर माती चांगली आहे की वाईट, याने गाभण राहण्यावर काय फरक पडतो? माझ्याकडे तर सगळा चारा विकतचा आहे. कोणाच्या रानातला आहे हेही मी विचारत नाही.

---

उत्तर ४ : माती-पाणी

विकतच्या चाऱ्यावर चालणाऱ्या गोठ्यापुरते आपले म्हणणे बरेचसे खरे आहे आणि प्रश्नकर्त्यांनाही मी हेच सांगेन की पहिला रुपया दावणीत घालावा. मिश्रणाचा परिणाम काही आठवड्यांत दिसू लागतो, मातीतल्या सुधारणेला वर्षे लागतात. पण खनिज मिश्रण साठ-सत्तर ग्रॅमचे असते आणि चारा तीस किलोंचा. मिश्रणाने जस्त, तांबे, आयोडीन भरून निघते. कोरड्या अन्नाची तीन किलोंची तूट भरून निघत नाही, आणि चाऱ्यातून येणारा जादा पालाश व नत्रही त्याने कमी होत नाही. ते दोन्ही रानातच आवरावे लागतात.

नत्राविषयी थोडे अधिक. गोठ्याचे पाणी आणि वर युरियाची गोणी मिळालेले, गर्द हिरवे कोवळे गवत गायीच्या पोटात झपाट्याने अमोनिया सोडते. जोडीला पचायला सोपी ऊर्जा नसेल तर तो अमोनिया युरिया बनून रक्तात, दुधात आणि गर्भाशयात पोहोचतो. दुधातील युरिया नत्र दर १०० मिलिलिटरला १९-२० मिलिग्रॅमच्या वर राहणाऱ्या गायींत गर्भधारणा घटते, असे अभ्यासांत दिसले आहे. आपल्या दूध संघाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी होत असेल तर तिन्ही गायींच्या दुधाची करून घ्या. गवताला मूत्राचे पाणी जात असताना युरियाची गोणी मुळातच कशासाठी, हे मला कळलेले नाही.

आणखी एक. मिश्रणातले जस्त आणि तांबे गाय सगळे वापरत नाही, मोठा वाटा शेणातून बाहेर पडतो. शेण रानात गेले तर दावणीत घातलेला तो पैसा दुसऱ्यांदा उपयोगी पडतो. शेण विकले तर डाळिंबवाल्याला आपले खनिज मिश्रणही फुकट मिळते.

---

उत्तर ५ : बांधावरचा म्हातारा (फलटण)

विद्वानांनी शास्त्र सांगितले, मी व्यवहाराचे लिहितो.

अकरा गायींचे शेण वर्षाला निदान पंचवीस टन कुजलेले खत देते. शेणखतात नत्र अर्धा टक्का, स्फुरद ०.२ टक्के आणि पालाश अर्धा टक्का असा सर्वसाधारण हिशेब धरतात. म्हणजे आपण दर वर्षी सव्वाशे किलो नत्र, पन्नास किलो स्फुरद आणि सव्वाशे किलो पालाश ट्रॉलीत भरून देता. पन्नास किलो स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेटच्या सहा गोण्या आणाव्या लागतात आणि नत्रासाठी युरियाच्या सहा. गोण्यांचे पैसे आणि ट्रॅक्टरचे भाडे शेजारी शेजारी मांडून पाहा. शिवाय हा स्फुरद बराचसा आपण पेंडीच्या आणि भुशाच्या पोत्यातून विकत घेतलेला असतो, कारण भुशात तो भरपूर असतो. पोत्याला पैसे मोजायचे, गायीच्या पोटातून फिरवायचा आणि दुसऱ्याच्या बागेला द्यायचा, हा कोणता धंदा? मात्र मी असेही म्हणणार नाही की एक ट्रॉलीसुद्धा विकू नका. घरात रोख लागते. निम्मे विका, निम्मे ठेवा, आणि ठेवाल ते ओढ्यापलीकडेच न्या. गवताच्या तुकड्याला शेणखताची अजिबात गरज नाही.

ट्रॅक्टर एकदाच लावायचा असेल तर उन्हाळ्यात नांगरटीनंतर लावावा. तोपर्यंत उकिरडा उघड्यावर ठेवू नये. बहुतेकांचा उकिरडा उंचवट्यावर, उन्हात असतो. वरून तो वाळून पांढरा पडतो आणि पावसाळ्यात त्यातला काळा रस ओढ्याला जातो. खड्डा काढावा, वर झाडाची किंवा पाचटाची सावली करावी आणि थर देताना मधे मधे सुपर फॉस्फेट पसरावे. त्याने अमोनिया उडून जाणे कमी होते आणि चुनखडीच्या रानात तो स्फुरद नुसता टाकण्यापेक्षा शेणातून गेलेला बरा लागू पडतो. झिंक सल्फेटही मी एकरी आठ-दहा किलो शेणखतात मुरवूनच देतो. फक्त ते स्फुरदाच्या खतात एकत्र कालवू नये, दोघे एकमेकांना अडवतात. सुपर थरात घातले असेल तर जस्त वेगळ्या ढिगात मुरवावे.

गोठ्याच्या पाण्याचे पाहा. उताराने जाते तिथे जाऊ दिले की ते कायम तिथेच जाणार. आमच्याकडे गोठ्याच्या खाली दोन कप्प्यांचा हौद आहे. पहिल्यात गाळ बसतो, दुसऱ्यातले पाणी लहान पंपाने पाइपातून आळीपाळीने वेगवेगळ्या तुकड्यांना जाते. उसाला ते फार मानवते, कारण उसाला पालाश लागतो. पाइप ओढ्यापलीकडे नेण्याचा खर्च एकदाच होतो. पंप अडतो तो गाळाने, म्हणून हौदाच्या तोंडाशी जाळी हवीच आणि ती रोज हाताने साफ करावी लागते. हे काम कोणी सांगत नाही, म्हणून सांगितले.

बांधावर शेवरी लावा. गायी पाला आवडीने खातात, त्यात प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही असतात, आणि बांध तसाही रिकामाच असतो.

---

प्रश्नकर्ता : प्रवराकाठचा गोठेवाला

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आपण सांगितल्याप्रमाणे तपासणी करून घेतली. माज न दाखवणाऱ्या दोघींपैकी एक खरोखर हडकली आहे. दुसरीच्या बीजांडावर पीतपिंड (माज येऊन गेल्यावर तयार होणारी गाठ) आहे, म्हणजे ती मुक्या माजावर येत असावी असे तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत पडले. उलटणाऱ्यांपैकी एकीच्या सोटात गुठळ्या आढळल्या व तिचे उपचार सुरू केले आहेत. ब्रुसेल्लोसिसचे नमुने पाठवले आहेत.

काका, आपला हिशेब वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले की ट्रॅक्टरचे भाडे ते दर वर्षी मोजतात, ट्रॉलीतून काय जाते ते कोणी मोजले नव्हते. यंदा निम्म्या ट्रॉल्या ठेवायचे ठरले आहे आणि हौदाचा अंदाज गवंड्याकडून घेत आहोत.

दोन शंका उरतात. हौद होईपर्यंत आणि गवतातला पालाश उतरेपर्यंत हा चारा टाकून तर देता येणार नाही. तो कोणाला घालावा? आणि उसाच्या वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडतात, तिचा खरोखर उपयोग होतो का?

---

उत्तर ६ : निवृत्त पशुवैद्यक

गवत टाकून देऊ नका, फक्त गायी निवडून घाला. पालाशाचा धोका मुख्यतः विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांत असतो. त्या काळात आहारात पालाश जास्त असला तर रक्ताचा कल अल्कधर्मी होतो आणि हाडांतले कॅल्शियम मोकळे करणारा संप्रेरक नीट काम करीनासा होतो. विण्याच्या दिवशी चिकासाठी अचानक कॅल्शियम ओढले जाते तेव्हा गाय ते पुरवू शकत नाही आणि बसते. म्हणून शेवटच्या महिन्यातील गाभण गायींना गोठ्यालगतच्या तुकड्यातले गवत बंद करून ओढ्यापलीकडचा मका, कडबा किंवा मुरघास द्यावा. लसूण घासही त्या काळात नको, त्यात पालाश आणि कॅल्शियम दोन्ही जास्त असतात. दुभत्या आणि वाढत्या जनावरांना हे गवत चालेल, मात्र ते गुडघाभर असताना कापू नका. दीड-दोन महिन्यांचे होऊ द्या आणि कुट्टी करून निम्म्यापर्यंत कडब्यात मिसळा. त्याने कोरड्या अन्नाची तूटही काही अंशी भरेल. हडकलेल्या गायीला भरडा एकदम वाढवू नका, पोट बिघडेल. दोन आठवड्यांत हळूहळू वाढवत न्या.

निवळीचा उपयोग होतो. चुन्यातले कॅल्शियम ऑक्झालेटशी वाढ्यातच बांधले जाते, त्यामुळे ऑक्झालेट गायीच्या वाट्याचे कॅल्शियम कमी खाते. पण निवळीने वाढ्यातला स्फुरद किंवा प्रथिने वाढत नाहीत, आणि वाढ्याची खरी उणीव तीच आहे. वाढे हे पोट भरायला आहे असे समजून एक तृतीयांशाच्या वर देऊ नये. विण्याला आलेल्या गायीला निवळीचे वाढेही नको. खनिज मिश्रण व्याल्यानंतर रोज साठ-सत्तर ग्रॅम भुशात कालवून सकाळच्या धारेच्या वेळी द्यावे. वेळ धारेशी बांधली की ते विसरले जात नाही. भाकड गाभण गायींना मात्र मिश्रण वेगळे, कमी कॅल्शियमचे असते, ते आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या.

मुक्या माजाच्या गायीसाठी पीतपिंड असल्याची खात्री झाली आहे, तेव्हा डॉक्टर तिला माजावर आणण्याचे इंजेक्शन देऊ शकतील. हडकलेलीला ते आत्ता देऊन उपयोग नाही.

---

उत्तर ७ : माती-पाणी

एक छोटी पुस्ती. गवताच्या तुकड्याला युरिया, शेणखत व गोठ्याचे पाणी तिन्ही थांबवले तरी १,१२० वरून पालाश एका हंगामात उतरणार नाही. पण कापून नेलेले प्रत्येक गवत त्यातून काही उचलून नेते, आणि ते खाणाऱ्या गायींचे पाणी आता पाइपाने ओढ्यापलीकडे जाणार असेल तर हत्ती गवत हेच आपले पालाश वाहून नेणारे साधन ठरते. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांचे नमुने याच महिन्यात आणि खत घालण्यापूर्वी घ्या. पंधरा-वीस सेंटिमीटर खोलीवरून, नागमोडी चालत दहा-बारा ठिकाणची माती एकत्र करा. बांधाजवळची, उकिरड्याच्या जागेची आणि पाण्याच्या तोंडाशी असलेली माती घेऊ नका. जमले तर त्याच दिवशी दोन्ही तुकड्यांतल्या चाऱ्याचा एकेक नमुना पशुखाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि त्यात पालाश, कॅल्शियम, स्फुरद, जस्त व तांबे एवढेच मागा. मातीच्या पत्रिकेवर जे दिसत नाही ते तिथे दिसेल. विशेषतः तांबे, कारण काळ्या जमिनीत ते पुरेसे निघते आणि तरीही अल्कधर्मी मातीत चाऱ्यात मॉलिब्डेनम वाढले तर गायीला ते लागू पडत नाही. पत्रिकेवर मॉलिब्डेनमचा रकानाच नसतो.